जोडी आणि चारा : कॅनरीच्या घरगुती विणीचा इतिहास

फ्रेंच भाषेत ‘सरिने’ असे एक क्रियापद आहे. एकच गोष्ट पुनःपुन्हा ऐकवून ती समोरच्याच्या डोक्यात बसवणे, असा त्याचा आजचा अर्थ. ‘सरँ’ म्हणजे कॅनरी हा पाळीव गाणारा पक्षी. अठराव्या शतकात फ्रान्समधील सुखवस्तू घरांतून ‘सरिनेत’ नावाची एक लहानशी पेटी असे. तिचा दांडा फिरवला की ठरावीक चाल वाजत असे, आणि ती दिवसातून अनेकदा ऐकवून पिंजऱ्यातल्या पक्ष्याला पाठ करायला लावत. चित्रकार शार्दँ याने १७५१ साली अशाच एका प्रसंगाचे चित्र काढले आहे : खिडकीजवळ पिंजरा, आणि समोर मांडीवर ही पेटी घेऊन बसलेली स्त्री. मराठीतील ‘पोपटपंची’ हा शब्द याच कुळातला. मात्र दोहोंत एक फरक आहे. मराठी शब्द शिकणाऱ्याला हिणवतो; फ्रेंच क्रियापदाचा कर्ता शिकवणारा आहे. पाळीव पक्ष्यांच्या घरगुती विणीचा इतिहास वाचताना हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण पक्ष्याचे रूप, रंग आणि गाणे हे त्याच्या रक्तातून आले की पाळणाऱ्याच्या हातून, हा प्रश्न या इतिहासात पुनःपुन्हा उपस्थित होतो. आणि विसाव्या शतकात त्याचे उत्तर चुकवण्याची किंमत पक्ष्यांनी नव्हे, माणसांनी मोजली आहे.

कॅनरीचे मूळ स्थान अटलांटिक महासागरातील कॅनरी, मदेरा आणि अझोर ही बेटे. पक्ष्याला बेटांवरून नाव मिळाले, आणि बेटांना लॅटिनमधील कुत्रावाचक शब्दावरून. रानातली कॅनरी आपल्या डोळ्यांपुढे असलेल्या पिवळ्याधमक पक्ष्यासारखी दिसत नाही. तिचा रंग हिरवट-पिवळा असून अंगावर करड्या रेघा असतात. पंधराव्या शतकात कॅनरी बेटे स्पेनच्या ताब्यात गेली आणि तेथील पक्षी युरोपच्या बाजारात येऊ लागले. झ्यूरिखचा पंडित कॉनराड गेस्नर याच्या १५५५ सालच्या पक्षिविषयक ग्रंथात त्याचा उल्लेख येतो. १६२२ साली रोममध्ये प्रसिद्ध झालेल्या ओलिनाच्या पुस्तकात अशी एक कथा आहे, की कॅनरी घेऊन लिव्होर्नोकडे निघालेले जहाज एल्बा बेटाजवळ फुटले, पक्षी सुटले आणि तेथे रुजले. स्पॅनिश व्यापारी फक्त नर विकत, त्यामुळे इतरांना वीण घेता येत नसे, आणि या जहाजामुळे ती मक्तेदारी मोडली, अशी तिला जोड दिली जाते. ही कथा खरी मानण्याचे कारण नाही. पण तिच्यात एक गोष्ट अचूक पकडली गेली आहे. पकडलेला पक्षी आणि घरात जन्मलेला पक्षी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पकडलेला पक्षी विकत घ्यावा लागतो. घरात वीण होऊ लागली की पक्ष्याबरोबर त्याची पुढची पिढीही आपल्या ताब्यात येते, आणि तेथून निवड सुरू होते.

ही निवड किती वेगाने झाली याचा पुरावा एर्व्ह्यू द शाँतलू या लेखकाने ठेवला आहे. फ्रान्समधील काँदे घराण्याच्या राजकन्येच्या कॅनरींची देखभाल त्याच्याकडे होती. अठराव्या शतकाच्या पहिल्या दशकात लिहिलेल्या आपल्या पुस्तकात त्याने रंगांवरून आणि ठिपक्यांवरून पंचवीसहून अधिक वाण नोंदवले आहेत. १७१८पर्यंत त्याचे इंग्रजी भाषांतरही झाले. या पुस्तकाचा मोठा भाग वाणांविषयी नाही, तर जोडी केव्हा लावावी, घरटे कशाचे करावे, पिलांना काय भरवावे आणि आजारी पक्ष्याला काय द्यावे याविषयी आहे. पुढच्या तीनशे वर्षांतील कॅनरीपालनाची बहुतेक पुस्तके याच वळणाची आहेत.

या रोजच्या कामाचे स्वरूप नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यातच दडलेला आहे. कॅनरीची वीण दिवसाच्या लांबीवर अवलंबून असते. वसंतात उजेडाचे तास वाढू लागले की नर जोमाने गाऊ लागतो आणि मादी घरट्यासाठी काड्या-कापूस उचलू लागते. जोडी घाईने एकत्र सोडली तर भांडणे होतात. म्हणून जाणता पाळणारा मधे जाळीची आडभिंत ठेवतो आणि नर जाळीतून मादीला भरवू लागला की ती काढतो. मादी रोज एक याप्रमाणे चार-पाच अंडी घालते आणि एकटीच खुडूक बसते. नर तिला घरट्यावर आणून भरवतो. तेरा-चौदा दिवसांनी पिले फुटतात. ती आंधळी आणि जवळजवळ उघडी असतात. या दिवसांत नुसते दाणे चालत नाहीत. उकडलेले अंडे कुस्करून त्यात टोस्टचा चुरा कालवलेले मऊ खाद्य दिवसातून अनेकदा ताजे द्यावे लागते. उन्हाळ्यात ते आंबते, आणि आंबलेले खाद्य म्हणजे पूर्ण घरट्याचा मृत्यू. पाचव्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास पायात वाळे घालतात, कारण नंतर पाऊल मोठे होते आणि वाळे चढत नाही. अठराव्या दिवसाच्या आसपास पिले घरटे सोडतात. पण स्वतः दाणे फोडून खायला त्यांना आणखी दहा-बारा दिवस लागतात. दरम्यान मादी दुसऱ्या घरट्याच्या तयारीला लागली असेल तर ती अस्तरासाठी पहिल्याच पिलांची पिसे उपटू लागते. तेव्हा पिले जाळीपलीकडे ठेवून नराकडून भरवून घेण्याची युक्ती करावी लागते.

या सगळ्यांत विचार करायला लावणारी वस्तू म्हणजे खोटे अंडे. मादी पहिल्या दोन-तीन अंड्यांनंतर बसू लागते. त्यामुळे निसर्गक्रमाने पिले एकाच दिवशी फुटत नाहीत. शेवटचे पिलू दोन-तीन दिवसांनी लहान राहते. अन्न मुबलक असेल तर ते जगते. नसेल तर थोरल्यांच्या उंचावलेल्या चोचींखाली ते दिसेनासे होते आणि मरते. टंचाईच्या वर्षी निदान काही पिले तरी धड वाढावीत, अशी ही निसर्गाची व्यवस्था असल्याचे अनेक पक्षिशास्त्रज्ञ मानतात. पाळणारा ती मोडतो. तो रोज सकाळी घातलेले अंडे काढून त्याजागी खोटे अंडे ठेवतो, खरी अंडी कापसात जपून रोज उलटतो, आणि तिसरे-चौथे अंडे झाले की सगळी एकदम मादीखाली देतो. पिले एकाच दिवशी फुटतात आणि सर्वांत धाकटे असे कोणी उरत नाही. ‘दुबळा’ म्हणून जे पिलू मेले असते ते दुबळे जन्मलेच नव्हते. ते उशिरा जन्मले होते. घरात वीण घेणाऱ्या कोणालाही ही गोष्ट पहिल्या दोन हंगामांत कळते. सिद्धान्तात मात्र ती उतरली नाही.

एकोणिसाव्या शतकात कॅनरीच्या विणीचे सर्वांत प्रसिद्ध केंद्र राजवाड्यात नव्हते, तर जर्मनीच्या हार्झ पर्वतातील झांक्ट आंद्रेआसबेर्ग या खाणकामगारांच्या गावात होते. तिरोल प्रांतातील इम्स्ट गावचे पक्षिविक्रेते पाठीवर पिंजऱ्यांची चळत घेऊन युरोपभर फिरत. तेथून आलेल्या खाणकामगारांबरोबर ही विद्या हार्झमध्ये आली, असे मानले जाते. चांदीच्या खाणी आटत गेल्या तसा घरातल्या पक्ष्यांचा आधार वाढला. वीण, पिंजरे आणि खाद्य असा पूर्ण कुटुंबाचा जोडधंदा उभा राहिला, आणि येथले नर व्यापाऱ्यांमार्फत अमेरिकेपर्यंत जाऊ लागले. ‘हार्झर रोलर’ या नावाने ओळखला जाणारा हा पक्षी दिसायला साधा. त्याची किंमत गाण्याची. जवळजवळ मिटल्या चोचीतून निघणारी, खोल आणि मृदू अशी त्याची आवर्तने असतात. ‘खाण तशी माती’ या न्यायाने पाहणाऱ्याला वाटेल की चांगल्या गायकाची पिले आपोआप चांगली गात असतील. हार्झच्या घरांतील पद्धत तसे सांगत नाही. कोवळ्या नरांना लहान, अंधारलेल्या पिंजऱ्यांत ठेवून जवळ एखादा उत्तम वडीलधारा गायक ठेवत, आणि बेसूर गाणाऱ्या पक्ष्याला त्यांच्या कानांपासून दूर नेत. इंग्लंडमध्ये डेन्स बॅरिंग्टन याने १७७३ सालीच दाखवले होते, की पिलू दुसऱ्या जातीच्या पक्ष्यांच्या सहवासात वाढवले तर ते त्या जातीचे गाणे उचलते. पुढे १९८०च्या दशकात न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फर्नांदो नोतेबोम याने कॅनरीवर जे संशोधन केले, त्यातून प्रौढ पक्ष्याच्या मेंदूतही नव्या चेतापेशी निर्माण होतात हे सिद्ध झाले. प्रौढ मेंदूत नवी पेशी येत नाही ही तोवरची समजूत पिंजऱ्यातल्या या पक्ष्याने मोडली.

याचा अर्थ आनुवंशिकता खोटी, असा नव्हे. गाण्यासाठी केलेल्या निवडीने रक्तातही बदल होतात, पण ते नेहमीच पाळणाऱ्याला हवे असलेले नसतात. बेल्जियममधील ‘वॉटरस्लागर’ हा वाण पाण्याच्या खळखळाटासारख्या सुरांसाठी जोपासला गेला. १९८०च्या दशकातील अभ्यासांत असे आढळले, की या वाणात उच्च स्वरांचे बहिरेपण उपजत आहे. कानातील संवेदक पेशीच सदोष असतात. ज्या गाण्याचे कौतुक झाले ते काही अंशी त्या बहिरेपणाशी निगडित असावे. डोक्यावरच्या तुऱ्याची गोष्टही अशीच. दोन तुरेवाल्या पक्ष्यांची जोडी लावली तर अधिक मोठे तुरे मिळण्याऐवजी पिलांच्या डोक्यावर टक्कल किंवा जखम दिसते, असे डार्विनने १८६८च्या आपल्या पाळीव प्राणी आणि वनस्पतींविषयीच्या ग्रंथात नोंदवले आहे. पाळणाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक होते, म्हणून ते तुरेवाल्याची जोडी बिनतुऱ्याशी लावत. तुऱ्याचा गुण आई आणि बाप दोघांकडूनही आला तर गर्भ सहसा जगत नाही, हे त्याचे कारण नंतर कळले. ‘शुद्ध’ तुरेवाला वाण अस्तित्वातच येऊ शकत नाही.

इथपर्यंत कॅनरीने दोन्ही बाजूंचे धडे दिले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मेंडेलचे नियम पुन्हा प्रकाशात आले, आणि त्यांतला एकच धडा उचलला गेला. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ चार्ल्स डॅव्हनपोर्ट याने १९०८ साली ‘कॅनरींमधील आनुवंशिकता’ या विषयावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. तुरा आणि रंग पिढ्यांतून कसे उतरतात याची त्यात मांडणी होती. दोनच वर्षांनी, १९१० साली, त्याने कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे माणसांच्या वंशावळी गोळा करणारे सुप्रजननाचे कार्यालय उभारले. तेथील कार्यकर्ते घरोघर जाऊन कोण वेडा, कोण दारिद्र्यात, कोण गुन्हेगार याच्या नोंदी करू लागले. नौदलातील अधिकाऱ्यांना वाटणारी समुद्राची ओढसुद्धा आनुवंशिक गुण असल्याचा निष्कर्ष डॅव्हनपोर्टने १९१९ साली काढला. खलाशाचा मुलगा बंदरात वाढतो, ही गोष्ट त्याच्या तक्त्यात बसत नव्हती. त्याच कार्यालयाचा अधीक्षक हॅरी लाफलिन याने सक्तीच्या नसबंदीच्या कायद्याचा नमुना १९२२ साली प्रसिद्ध केला.

दुसरे नाव ब्रेमेनच्या हान्स डुंकर या शिक्षकाचे. कार्ल राइश या पक्षिपालकाकडे नाइटिंगेलच्या लकेरी गाणाऱ्या कॅनरी होत्या. कोवळ्या नरांना नाइटिंगेलचे गाणे ऐकवत वाढवून त्याने ते साधले होते, आणि पुढच्या पिढ्या थोरल्या कॅनरींकडून ते शिकत. डुंकरचा कॅनरीशी गाढ परिचय झाला तो १९२०च्या दशकात या राइशच्या घरात, म्हणजे शिकवणीचे सामर्थ्य डोळ्यांपुढे असताना. पण त्याचे मन गुंतले ते वेगळ्याच प्रकल्पात. व्हेनेझुएलातील लाल सिस्किन या लहान पक्ष्याशी कॅनरीचा संकर करायचा, संकरित नरांची पुन्हा कॅनरीशी जोडी लावत राहायचे, आणि पिढ्यांनंतर लाल रंगाचा गुण असलेली निखळ कॅनरी मिळवायची. प्राण्यामध्ये हेतुपूर्वक दुसऱ्या जातीचा गुण आणण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी हा एक. डुंकरला मिळालेले पक्षी तांबूस-नारिंगी निघाले. लाल मात्र होईनात.

उत्तर चाऱ्यात होते. कॅनरीसारख्या पक्ष्यांना पिवळी-लाल रंगद्रव्ये स्वतः बनवता येत नाहीत. ती अन्नातून यावी लागतात. इंग्लंडमधील कॅनरीपालकांना हे १८७०च्या दशकातच कळले होते. पिसे झडून नवी येण्याच्या काळात काही जणांनी आपल्या नॉर्विच कॅनरींना तांबड्या मिरचीची पूड खाऊ घातली आणि प्रदर्शनांत भडक नारिंगी पक्षी आणून खळबळ उडवून दिली. नॉर्विच हे विणकरांचे शहर. ही विद्या कारागिरांच्या माजघरातली होती. लाल कॅनरीच्या बाबतीतही पुढे असेच ठरले, की सिस्किनचा गुण हवाच, पण रंगद्रव्याने समृद्ध खाद्य दिल्याशिवाय तो दिसत नाही. पिवळ्या रंगद्रव्याचे लाल रंगद्रव्यात रूपांतर करणारा विकर ज्या जनुकामुळे बनतो, तो जनुक २०१६ साली संशोधकांनी ओळखला. जनुक असेल आणि चारा नसेल तर पक्षी लाल होत नाही. साधा पिवळा चारा असेल आणि जनुक नसेल तरीही नाही. जोडी महत्त्वाची की चारा, हा प्रश्नच चुकीचा मांडला गेला होता.

डुंकर त्या काळात सुप्रजननाचा पुरस्कर्ता होता, आणि नाझी राजवटीत वंशशुद्धीच्या विचाराचा प्रचारकही बनला. १४ जुलै १९३३ रोजी जर्मनीत आनुवंशिक रोग असलेली संतती रोखण्याचा कायदा झाला. त्याखाली सुमारे चार लाख स्त्रीपुरुषांची सक्तीने नसबंदी करण्यात आली. कायद्यात नमूद केलेल्या दोषांमध्ये आनुवंशिक बहिरेपण होते. पक्ष्याच्या बाबतीत ज्या देहदोषाशी एका वाणाचे नावाजलेले गाणे निगडित होते, तोच माणसाच्या बाबतीत पुढची पिढी नाकारण्याचे कारण ठरला. कॅनरीच्या विणीतून हा कायदा आला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. त्याची मुळे अनेक आहेत. मात्र विणीच्या वहीतून माणसाकडे पाहण्याची सवय ज्यांनी लावली, त्यांच्यातील किमान दोघांच्या हातात ती वही कॅनरीची होती, आणि त्या वहीतले चाऱ्याचे, उजेडाचे आणि शिकवणीचे रकाने त्यांनी कोरे सोडले.

याच पक्ष्याचा एक वेगळा धागा भारतापर्यंत येतो. १८९६ साली वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळसा खाणीत स्फोट झाला. शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन याने मृतदेहांची तपासणी करून दाखवले, की बहुतेक कामगार स्फोटाने नव्हे तर कार्बन मोनॉक्साइडने मेले. लहान प्राण्याला हा वायू माणसाच्या आधी बाधतो, म्हणून खाणीत उतरताना तो सोबत न्यावा, ही सूचना त्याची. त्यातून कॅनरी ब्रिटनच्या खाणींत गेली, आणि तिच्याजागी यंत्रे आणण्याचा निर्णय १९८६ साली झाला. जॉन हाल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन लहानपणी वडिलांबरोबर खाणींत उतरत असे. पुढे तो आनुवंशिकीतील अग्रगण्य शास्त्रज्ञ झाला, आणि १९३८ सालच्या आपल्या पुस्तकात त्याने सक्तीच्या नसबंदीमागील गणित कसे पोकळ आहे ते दाखवले. १९५७ साली तो भारतात आला, १९६१ साली भारताचा नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वर येथे वारला. आनुवंशिकतेचे नियम जाणणे आणि माणसांच्या जोड्या लावू पाहणे यांत अंतर ठेवता येते, हे त्याच्या उदाहरणावरून दिसते.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने आणि १९९०-९१च्या सुमारास आलेल्या व्यापारबंदीने देशी पक्षी पकडून विकणे बेकायदा ठरले. मुंबई-पुण्याच्या घरांतून कायद्याने ठेवता येणारे पक्षी, म्हणजे बजरीगर, फिंच, कॅनरी, हे परदेशी मुळाचे, पण पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेले आहेत. हौस निर्दोष आहे असे मात्र म्हणता येत नाही. लाल कॅनरीच्या मोहापायी व्हेनेझुएलातील लाल सिस्किन इतका पकडला गेला की आज त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांत होते. २००० साली दक्षिण गयानात त्याची एक अज्ञात वस्ती सापडली तेव्हा अभ्यासकांना दिलासा वाटला तो यामुळेच. आमच्या पिंजऱ्यातला रंग दुसऱ्या कोणाच्या रानातून आलेला असतो, आणि त्याची नोंद वाणांच्या यादीत नसते.

साहित्याच्या अभ्यासकांना या इतिहासाशी काय कर्तव्य, असे कोणी विचारील. आपली समीक्षा ज्या शब्दांनी चालते त्यांतले कितीतरी शब्द विणीच्या वहीतले आहेत. अस्सल, भेसळ, संकर, वाण, घराणे, परंपरेचे रक्त, मातीतले बीज हे शब्द आपण सहज वापरतो. एखाद्या लेखकाची भाषा त्याच्या जातीतून, प्रांतातून किंवा ‘रक्तातून’ आली असे म्हणताना आपण डॅव्हनपोर्टचाच तक्ता भरत असतो. त्या लेखकाला कोणी वाचायला दिले, कोणाचे बोलणे त्याच्या कानांवर पडले, त्याच्या घरात दिव्याचा उजेड किती तास असे, आणि भावंडांत तो कितवा होता, हे रकाने भरायला अधिक कष्ट पडतात. वर्गातही तेच घडते. मागे पडलेला विद्यार्थी ‘मुळातच कच्चा’ आहे, असा निर्णय दोन आठवड्यांत होतो. खोटे अंडे ठेवणारा माणूस एवढी घाई करत नाही. पिलू दुबळे आहे की उशिरा फुटले आहे हे पाहण्यासाठी त्याला आधी सगळ्यांना एकाच दिवशी जन्मू द्यावे लागते, आणि मग दर दोन तासांनी उठून ताजे खाद्य ठेवावे लागते.